डॉमिनिका : पांढरी वाळू नसलेल्या बेटावर काय काय पाहिलंत? (अनुभव धागा)

कॅरिबियनचे धागे इथे अधूनमधून निघतात. त्यात कोणी डॉमिनिकाचं नाव काढलं की हटकून दुसरं कोणीतरी डॉमिनिकन रिपब्लिकच्या रिसॉर्टचे फोटो टाकतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. आपली डॉमिनिका म्हणजे ग्वादेलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधला, १९७८ साली ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेला देश. क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम सव्वापट. वस्ती सत्तरेक हजार. २०२१ मध्ये एका फरार हिरेव्यापाऱ्यामुळे आपल्या पेपरांत ती गाजली होती, पण तो विषय इथे नको.

जाऊन आलेल्यांनी लिहा. डोंगर, धबधबे, नद्या, प्राणी, पक्षी, काहीही. फक्त "सुंदर आहे, जरूर जा" एवढंच लिहून पळू नका.

पायवाट (धागाकर्ती)

सुरुवात माझ्यापासून. उकळत्या तळ्याचा, म्हणजे बॉइलिंग लेकचा ट्रेक.

लोदा गावाजवळ टिटू गॉर्जपाशी गाडी सोडायची आणि जाऊन-येऊन साधारण १३ किलोमीटर चालायचं. आकडा बघून हसू नका. सपाट वाट जवळजवळ नाहीच. ओंडक्यांच्या पायऱ्या, चिखल, पुन्हा पायऱ्या. ब्रेकफास्ट रिव्हर नावाच्या ओढ्यावर बाटल्या भरून घ्यायच्या आणि मॉर्न निकल्सच्या चढाला लागायचं. हवा मोकळी असेल तर माथ्यावरून समुद्र दिसतो म्हणतात. आमच्या वाट्याला ढग.

पलीकडची उतरण घसरडी, आणि ती संपते व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये. इतका वेळ डोक्यावर असलेलं रान इथे एकदम संपतं. दगड पिवळे, पांढरे, गंजके. ओढ्याचं पाणी कुठे दुधी, कुठे काळं. जागोजागी वाफेचा फुसफुसाट आणि गंधकाचा वास, जो कपड्यांतून दोन धुण्यांनंतरही जात नाही. गाइडने एका उकळत्या डबक्यात अंडी शिजवून दिली, ती मीठ लावून खाल्ली. गाइड कशाला हवा ते याच दरीत कळतं. जमिनीचा पापुद्रा कुठे पातळ आहे ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि शेजारीशेजारी वाहणाऱ्या दोन ओढ्यांतला एक गार आणि दुसरा पाय पोळेल इतका गरम असू शकतो.

तळं साठेक मीटर रुंद, राखाडी-निळं. मध्यभागी सतत खदखदतंय. वाफ वाऱ्याबरोबर फिरते, त्यामुळे क्षणभर सगळं दिसतं आणि मग समोर नुसती पांढरी भिंत. ज्या भेगेतून ज्वालामुखीचे तापलेले वायू वर येतात, तीच पाण्याने भरली आहे, असा हा सगळा प्रकार. काठाजवळचं पाणी ८२ ते ९२ अंश सेल्सियस भरलेलं आहे. मध्यभागी थर्मामीटर घेऊन कोण जाणार! २००४ च्या अखेरीस पाण्याची पातळी एकदम खाली गेली होती, पुढे तळं परत भरलं. खालचं यंत्र चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परतीला टिटू गॉर्जमध्ये उतराच. लाव्हा थंड होताना पडलेली ती अरुंद चीर आहे, दोन्ही बाजूंना काळ्या उभ्या भिंती. आत पोहत जायचं आणि टोकाला धबधबा. पाणी गारठवणारं. दिवसभराच्या चिखलानंतर याहून बरं काही नाही.

गुडघेदुखी

धागा काढल्याबद्दल आभार. पण ताई, आमच्यासारख्यांनी काय करायचं ते कोण सांगणार? मीच सांगतो.

ट्राफल्गर फॉल्स. पार्किंगपासून दहा-पंधरा मिनिटांत पाहायची जागा येते. दोन धबधबे शेजारी. उंच तो 'फादर', बुटका तो 'मदर'. फादरच्या बाजूला गरम पाण्याचे झरे आहेत. तरणी मंडळी दगडांवरून चढून तिथे जातात, आपण बाकावर बसून बघायचं. एमराल्ड पूल या धबधब्याखालच्या डोहाची वाटही सोपी. मात्र राजधानी रोझोच्या बंदरात मोठी क्रूझ लागली असेल त्या दिवशी या दोन्ही ठिकाणी जत्रा असते, तेव्हा बोटींचं वेळापत्रक बघून बेत ठरवा. संध्याकाळी वॉटन वेव्हन गावी गंधकाच्या पाण्याच्या कुंडात डुंबायचं. गुडघ्याला फरक पडला की नाही देव जाणे, झोप मात्र उत्तम लागली.

पॅव्हेलियन एंड

आम्ही निसर्ग वगैरे बघायला गेलोच नव्हतो! जुलै २०२३, रोझोच्या विंडसर पार्क स्टेडियमवरची भारत-विंडीज टेस्ट. आपल्या मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पदार्पणात १७१ काढल्या, अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले आणि पाच दिवसांची मॅच तिसऱ्याच दिवशी एक डाव १४१ धावांनी खलास. हातात दोन दिवस मोकळे, हॉटेलचे पैसे भरलेले.

मग गेलो शॅम्पेन रीफला. रोझोच्या दक्षिणेला, अगदी जवळ. काठ खडकाळ आहे, तेव्हा पायात काहीतरी घाला. स्नॉर्केलचा मुखवटा लावून पाण्यात डोकं घातलं की तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात. ज्वालामुखीच्या वायूचे आहेत. बुडबुड्यांमधून छोटे रंगीत मासे खुशाल फिरतात. त्याच रस्त्याने पुढे सूफ्रिएर आणि बेटाचं दक्षिण टोक, स्कॉट्स हेड. तिथल्या चिंचोळ्या पट्ट्यावर उभं राहिलं की एका हाताला अटलांटिक खवळलेला, दुसऱ्या हाताला कॅरिबियन निवांत.

मित्र अजून म्हणतो, विंडीज थोडी बरी खेळली असती तर आपण हे काहीच बघितलं नसतं.

झाडवाला

क्रिकेटवाले, स्टेडियमपासून जवळच बोटॅनिक गार्डन होती, तिथे डोकावलात का? १९७९ च्या डेव्हिड वादळात तिथलं गोरखचिंचेचं भलंमोठं झाड एका रिकाम्या पिवळ्या स्कूलबसवर कोसळलं. बस अजून त्याच्याखाली चेपलेली आहे, आणि झाडाने आडवं पडल्या पडल्या पुन्हा फांद्या काढल्या आहेत.

पण माझं खरं प्रेम इंडियन रिव्हर. उत्तरेला पोर्ट्समथजवळ. इथे इंजिनाच्या होड्यांना बंदी, नावाडी वल्हवत नेतो. दोन्ही काठांवर ब्लडवुड, ज्यांची चपटी, पडद्यासारखी मुळं वळसे घेत पाण्यात उतरतात. साल खरवडली की लाल चीक येतो. तो बघताच मी नावाड्याला म्हटलं, अरे हा तर आमच्या बिबळ्याचा भाऊ! वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानेही खरंच आहे. सह्याद्रीतला बिबळा आणि हे झाड, दोन्ही टेरोकार्पस कुळीतले. फक्त आपला डोंगरउतारावर उभा राहतो, हा दलदलीत. होडी सकाळी लवकर घ्या. बगळे, खेकडे, दगडावर ऊन खाणारा इग्वाना, सगळं तेव्हाच दिसतं.

वाचनमात्र

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

डॉक्टरीणबाईंची आई

पोर्ट्समथचं नाव वाचून राहवलं नाही. माझी लेक तिथल्या अमेरिकन मेडिकल कॉलेजात होती (ते कॉलेज आता बार्बाडोसला गेलं). मी तिच्याकडे राहायला गेले होते ते मारिया वादळाच्या आधी. १८ सप्टेंबर २०१७ ला ते पाचव्या श्रेणीचं वादळ बेटावरून गेलं आणि जवळपास सगळ्या घरांना तडाखा बसला. नंतरचे फोटो बघितले तर डोंगर तपकिरी. एका झाडावर पान नाही. मी पाहिलेली हिरवाई आणि तुम्ही आत्ता पाहताय ती, यांच्यामध्ये तो एक दिवस आहे, हे लक्षात असू द्या.

खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. डॅशीन म्हणजे आपलं अळूच. त्याच्या पानांचं कॅललू नावाचं दाट सूप करतात, खेकडा घालून किंवा न घालता. नीरफणस विस्तवावर अख्खा भाजतात, साल काळी होईपर्यंत. आमच्या सासरी रत्नागिरीला त्याच्या कापा करतात, पण भाजलेलाही मला आवडला.

कालिनागो टेरिटरीला जा. हे बेटाचे मूळ रहिवासी, १९०३ साली त्यांच्यासाठी पूर्व किनाऱ्यावर जमीन राखून ठेवली गेली. मोठ्या तव्यावर कसाव्याची भाकरी भाजून देतात, लारूमा नावाच्या लव्हाळ्याच्या टोपल्या विणतात. घासाघीस करू नका बायांनो, एकेका टोपलीला किती वेळ लागतो ते बसून बघा.

खारा वारा

देवमासे राहिले की!

कॅरिबियनच्या बाजूला किनाऱ्यापासून थोडंसं आत गेलं की समुद्र हजार मीटरच्या खाली जातो. त्यामुळे स्पर्म व्हेलच्या माद्या आणि पिल्लं इथे वर्षभर असतात, हंगामाची वाट बघावी लागत नाही. बोटीवाला इंजिन बंद करतो आणि पाण्याखालचा माइक सोडतो. हेडफोनमधून टक-टक-टक. जवळ आले की टकटक दाट होते. पूर्व कॅरिबियनमधल्या या कळपांची एक ठरलेली लकब आहे: एक ठोका, एक ठोका, मग तीन झटपट. २००५ पासून इथे त्यांच्यावर सलग संशोधन चालू आहे, त्यामुळे कितीतरी कुटुंबं शेपटीच्या कडांवरून ओळखता येतात. श्वास घ्यायला वर येतात, दहाएक मिनिटं ओंडक्यासारखे पडून राहतात आणि शेपूट उभी करून जे खाली जातात ते पाऊण-एक तास गायब. सरकारने २०२३ मध्ये पश्चिम किनाऱ्यालगत जवळपास ८०० चौरस किलोमीटर समुद्र त्यांच्यासाठी राखीव म्हणून जाहीर केला.

त्यांच्याबरोबर पोहायला सरकारी परवाना लागतो. कोणी बिनपरवाना "चला, उतरवतो पाण्यात" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. बोटीवरूनच पुरेसं दिसतं.

किलबिल

झेंड्यावरचा पोपट कोणाला दिसला का हो?

पायवाट

@किलबिल, सिसरू म्हणतेस ना? जांभळ्या छातीचा. नाही दिसला. मारियानंतर तो फारच दुर्मीळ झाला आहे. मॉर्न डियाब्लोतां हा बेटावरचा सर्वांत उंच डोंगर, १,४४७ मीटर. त्याच्या उतारावर सिंडिकेट नावाची सोपी वाट आहे. आम्ही पहाटे तिथे गेलो तर दुसऱ्या जातीचा, म्हणजे जाकोचा, जोडा ओरडत डोक्यावरून गेला. त्याच्या गळ्याशी लाल रंग असतो. समाधान मान.

झाडवाला

आणि माउंटन चिकन हे नाव कुठल्या जुन्या मेनूत वाचलंत तर ती कोंबडी नव्हे, मोठा बेडूक. राष्ट्रीय पक्वान्न होतं. २००२ मध्ये एका बुरशीच्या रोगाने बेडूक भराभर मेले, आता रानात मोजकेच उरलेत आणि शिकारीला बंदी आहे. कोणी वाढत असेल तर खाऊ नका.

गुडघेदुखी

शेवटी व्यवहाराचं. फेब्रुवारी ते मे त्यातल्या त्यात कोरडे महिने. त्यातल्या त्यात म्हणतोय, कारण आतल्या डोंगरांत वर्षाचा पाऊस आपल्या आंबोलीशी बरोबरी करतो. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. विमानतळ ईशान्येला, राजधानी नैर्ऋत्येला, मधला रस्ता नुसता वळणांचा. पोटात ढवळणाऱ्यांनी गोळी घेऊनच टॅक्सीत बसा. वाहनं आपल्यासारखी डावीकडून. तिकीट काढताना विमानतळाचं नाव डग्लस-चार्ल्स आहे ना ते बघा, नाहीतर पोचाल डॉमिनिकन रिपब्लिकच्या सांतो डोमिंगोला. मग तिथल्या रिसॉर्टचे फोटो या धाग्यावर टाकू नका.