सेन्सर वाढवले तरी उत्तर एकच येईल असं नाही

वर कोणीतरी म्हटलंय की एमईजीच्या (मेंदूतल्या करंटमुळे डोक्याबाहेर उमटणारं चुंबकीय क्षेत्र मोजणारी तपासणी) हेल्मेटमधे ३०६ सेन्सर असतात, मग मेंदूत नेमकं कुठे काय चाललंय ते गणितानं सरळ निघायला हवं. नाही हो, गोची तिथेच आहे. बाहेरून मोजून आतला करंट एकाच प्रकारे सांगता येत नाही हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८५३ मधेच दाखवलंय, त्यामुळे काहीतरी गृहीत धरावंच लागतं.

साधं उदाहरण म्हणजे बोटाला हलका शॉक दिला की साधारण २० मिलिसेकंदांनी डोक्यावर एका जागी चुंबकीय क्षेत्र बाहेर पडताना दिसतं आणि शेजारी आत शिरताना, उगम या दोन टोकांच्या मधोमध खाली, आणि टोकं जितकी लांब तितका उगम खोल. इथे एकच डायपोल (म्हणजे एकाच जागेचा, एकाच दिशेचा छोटा करंट) गृहीत धरला तर मस्त जमतं.

पण कानात बीप वाजवला की दोन्ही बाजूंचे श्रवणभाग जवळपास एकाच तालात चालतात आणि बीमफॉर्मर (मेंदूतल्या एकेका जागेचा सिग्नल वेगळा गाळून काढणारी पद्धत, जी वेगवेगळे उगम एका तालात नाहीत असं धरते) तिथे चक्क गंडतो, दोन्ही भागांचे सिग्नल एकमेकांना खोडतात आणि कधीकधी तर मधेच कुठेतरी, जिथे काहीच नाही, तिथे खोटा ठिपका उमटतो. (रंगीत चित्र मात्र झकास दिसतं, हाच खरा वैताग.) मिनिमम नॉर्म (एकूण करंट कमीत कमी असेल असं उत्तर निवडणारी पद्धत) वापरा तर तो सगळं पसरवून कवटीकडे ओढतो.

आणि डोक्याच्या पृष्ठभागाकडे सरळ उभा जाणारा करंट तर बाहेर जवळजवळ दिसतच नाही, तिथे सेन्सर हजार लावले तरी काय उपयोग? अशा वेळी सोबत ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून विद्युत सिग्नल मोजणं) घ्या, त्यात तो दिसतो.