लडाख नको, सोलापुरातला सात रस्ता सांगा: गाडीचा छंद आणि रोजच्या बारीक कटकटी

रविवारी सकाळी साडेसहाला अंगणात गाडी डबल स्टँडला लावून चेन साफ करत बसलो होतो. हाताला डिझेलचा वास, शेजारी टॉवेलच्या तुकड्यांचा गठ्ठा. सोलापुरात फडक्याला ददात नाही, ओळखीच्या कारखान्यातून रिजेक्ट टॉवेल किलोवर मिळतात. शेजारचे काका फाटकाशी थांबले. "अरे, सर्व्हिसिंगला देऊन टाक की. किती वेळ घालवतोस त्या गाडीपायी?"

मी नुसता हसलो, पण तो प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. दर पाचशे किलोमीटरला मी हे करतो. डिझेलनं जुनं वंगण काढायचं, चेन कोरडी पुसायची, मग 90 नंबरचं गीअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडायचं आणि मागचं चाक हातानं फिरवायचं. सुरुवातीला खरखर येते. चार-पाच फेऱ्यांनंतर ती थांबते आणि नुसती सुळसुळ उरते. ती ऐकायलाच मी बसतो.

तर सोलापूरच्या मंडळींनो, तुमचे अनुभव लिहा. लांबच्या सफरींवर पुष्कळ लिहिलं जातं. मला आसरा चौक ते नवी पेठ एवढ्या अंतरातल्या गोष्टी हव्या आहेत. गाडीसाठी तुम्ही काय जपता आणि कोणत्या बारीक गोष्टीनं तुमचा जीव कासावीस होतो?

सुरुवात माझ्यापासून. माझी कटकट पाण्याची आहे. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. घरात हंडे-बादल्या भरून ठेवलेल्या असताना गाडीवर पाणी ओतायला मन धजत नाही. बोअरचं पाणी जड, ते वाळलं की टाकीवर पांढरे ठिपके उमटतात. आणि कोरडं पुसावं तर इथली धूळ म्हणजे बारीक कचच, रंगावर ओरखडे पडतात. शेवटी अर्ध्या बादलीत भागवायची पद्धत बसवली. आधी मऊ ब्रशनं धूळ झटकायची, मग ओलं पिळलेलं फडकं वरून खाली एकाच दिशेनं न्यायचं, दर दोन पुसण्यांनी घडी बदलायची. चाकं शेवटी. उरलेलं पाणी तुळशीला नाही, कारण त्यात ग्रीस असतं. ते फाटकासमोरच्या धुळीवर. आता तुमची उत्तरं, गाडी किंवा कामाच्या आणि ठिकाणाच्या नावानं.

येझदी, कन्ना चौक

माझे वडील गिरणीत होते. त्यांनी घेतलेली गाडी मी आजही चालवतो. म्हैसूरचा येझदीचा कारखाना 1996 साली बंद झाला, तेव्हापासून पार्टसाठी कधी हैदराबाद, कधी पुणे. त्याचं मला काही वाटत नाही, शोधण्यातही गोडी आहे.

कटकट वेगळीच. आमच्या गाडीला किक आणि गीअर यांचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढं वळतो आणि गीअरचं काम करतो. ओळखीतली पोरं येतात, "अण्णा, एक चक्कर मारून येऊ का?" नाही म्हणवत नाही. मग पोरगं चोक ओढून पंधरा-वीस किक मारतं, प्लग ओला होतो आणि ते घामाघूम होऊन म्हणतं, गाडी बिघडली. गाडी बिघडलेली नसते. प्लग काढायचा, पुसायचा, पेट्रोलचा कॉक बंद करून चार रिकाम्या किका मारायच्या, प्लग बसवायचा. एका हाकेत उठते. म्हणून डिकीत कापडात गुंडाळलेला एक जादा प्लग कायम असतो.

दुसरं पंपावरचं. या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. मी लिटरला 40 मिली घालतो. हल्लीच्या मुलांनी ते कधी पाहिलेलं नाही. परवा एकानं मला हात धरून थांबवलं, "काका, टाकीत ऑइल ओतूलालाव तुम्ही!" त्याला खरोखर काळजी वाटली होती. मागं रांग वाढत असताना मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पुढच्या वेळी तोच पोरगा बाटली धरायला पुढं आला.

स्प्लेंडर, शाळेची वाट

मी दक्षिण सोलापूर तालुक्यात शिक्षिका आहे. आधी स्कूटर होती. पहिल्याच पावसाळ्यात कळलं की आमच्या वाटेवर तिचं काम नाही. शेवटचे दोन किलोमीटर काळ्या मातीचे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की ती चाकाला पिठासारखी लपेटते. मडगार्ड आणि टायरच्या मधे गोळा साठत जातो, शेवटी पुढचं चाक फिरतच नाही. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी. स्टँडसुद्धा लावावा लागत नाही, इतकी रुतते.

भावाची जुनी स्प्लेंडर घेतली. 18 इंची चाकं, वजन कमी, त्यामुळे निसटते तरी. मंद्रूपच्या एका मिस्त्रींनी पुढच्या मडगार्डला लांब बोल्ट आणि वायसर टाकून ते दोन बोटं वर उचलून दिलं. एवढ्यानं निम्मा त्रास गेला. सीटच्या पट्ट्यात बाभळीची एक चपटी काठी खोचलेली असते, माती खरवडायला. मुलांना ती ओळखीची झाली आहे. बाई आल्या का हे ती काठी बघून सांगतात.

पण माझा खरा राग सांगते. गॅरेजमध्ये मी गाडी घेऊन उभी असते, आवाज कुठून येतोय ते मी सांगत असते आणि समोरचा विचारतो, "मॅडम, साहेबांना पाठवता का?" साहेबांना गाडी चालवता येत नाही. टॅपेटचा आवाज आणि टायमिंग चेनचा आवाज यातला फरक मला कळतो. टॅपेट टकटक करतो, चेन घासल्यासारखी वाजते. हे मी शिकले आहे, रोज 46 किलोमीटर तो आवाज ऐकून. मंद्रूपचे मिस्त्री एकटेच असे, की मी बोलत असताना पाना खाली ठेवून ऐकतात.

पल्सर, विजापूर रोड

माझं दोन ओळींचं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो, त्याला बटणच नसतं. इतकी वर्षं झाली तरी रोज कुणीतरी हाताची उघडझाप करून सांगतं, "ओ भाऊ, लाईट चालू हाय." पहिली दोन वर्षं मी चिडायचो. एकदा मात्र रणरणत्या दुपारी डोक्यावर भाजीची पाटी असलेली एक आजी रस्त्याकडेला थांबून, एका हातानं पाटी सावरत, दुसऱ्या हातानं मला खूण करत होती. तेव्हापासून मी मान लववून "होय आज्जी, बरं झालं" असं म्हणतो.

गॅरेजवाला, अशोक चौक

चाळीस वर्षं हेच काम करतो. तुम्ही गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिलं, मी पान्याच्या बाजूनं लिहितो.

पहिली गोष्ट हवा. उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो. भर दुपारी गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळवून आणायची आणि मग हवा तपासायची, म्हणजे काटा जास्तच दाखवणार. तो बघून पोरं हवा काढायला लावतात. रात्री टायर गार झाला की हवा कमी पडते, सकाळी त्याच टायरवर तिघं बसतात. हवा सकाळी गार टायरमध्ये बघायची. किती वेळा सांगायचं, असं होतं मला.

दुसरी गोष्ट प्रेशरचं पाणी. ते चाकाच्या मधोमध मारलं की सील ओलांडून बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं. महिन्यानं चाक गुणगुणायला लागतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, मिस्त्री, मागच्या वेळी तुम्ही नीट बसवलं नाही. अर्ध्या बादलीची पद्धत वाचली. बरोबर आहे, तसंच करा.

आणि प्लग. माझ्याकडं कुणी गाडी आणली की मी आधी प्लग काढतो. टोक बिस्किटी असेल तर इंजिन सुखात आहे. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. आमच्या धुळीत फिल्टरच जास्त वेळा सापडतो. नवी इंजेक्शनची गाडी आली, तिला मशीन लावून दोष कळतो. चांगलं आहे. पण हातात प्लग धरून उजेडाकडं बघायचं, यात जे समाधान आहे ते मशीनच्या आकड्यात मला मिळत नाही. पोरगं शिकूलालंय माझं. त्याला मी दोन्ही शिकवतो.

शाळेच्या बाईंचं वाचून मलाच लाज वाटली. माझ्याकडंही असं घडलं असेल.

बुलेट, बाळे

मला दोन छंद आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. एक बुलेट, दुसरा पक्षी.

नान्नज बार्शी रस्त्याला वीस-बावीस किलोमीटर. माळढोकसाठीचं ते अभयारण्य 1979 सालचं. हिवाळ्यात मी पहाटे साडेपाचला निघतो. टॉवेल गळ्याला गुंडाळून वर जर्किन, तरी मार्डीच्या आसपास गारठा बाहीतून आत शिरतो. दोन्ही बाजूंना ज्वारी, हुरड्याचे दिवस असले तर कुठंतरी शेणी पेटवल्याचा वास येतो. त्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गीअरमध्ये हळू जाताना इंजिनचा जो ठोका येतो, तो मला सर्वांत आवडतो. आणि माळ जवळ आला की तोच मला नकोसा होतो.

एकदा भोवत्या पक्षी बघायला गेलो होतो. हे शिकारी पक्षी थंडीत उत्तरेकडून येतात आणि रात्री गवतात जमिनीवरच बसतात. उजाडताना ते एकेक करून उठतात, गवताच्या शेंड्यांना घासत तरंगत जातात. मी बेसावध होतो, गाडी फार जवळ नेली. चार-पाच एकदम उडाले आणि पाठोपाठ काळविटांचा कळप पळाला. इंजिन बंद केल्यावर एवढी शांतता पसरली की सायलेन्सर गार होतानाची टिकटिक ऐकू येत होती. मला फार वाईट वाटलं. थंडीत त्यांची झोपमोड मी केली होती.

तेव्हापासून गाडी वस्तीवरच एका मामांच्या अंगणात लावतो आणि दीड किलोमीटर चालतो. मामा गाडीवर पोतं टाकून ठेवतात, मांजरानं सीट ओरबाडू नये म्हणून. परत येतो तेव्हा कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही समोर ठेवलेलं असतं. माळढोक मला आजवर एकदाही दिसलेला नाही. मामांच्या लहानपणी ते शेतात यायचे म्हणे. मामा हात पसरून त्याची उंची दाखवतात.

आवाजाचे सायलेन्सर बसवून दवाखान्यांसमोरून जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की कंपनीनं दिलेल्या सायलेन्सरचाच ठोका ऐका. तो पुरेसा सुंदर आहे.

शाइन, पंढरपूर रस्ता

माझं गाऱ्हाणं बारीक नाही, तरी लिहितो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उसाचा हंगाम. मी रात्री अकराला ड्यूटीवरून गावाकडं निघतो. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागं एकही दिवा नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात डोळे दिपले की तो ट्रॉलीचा काळा ढिगारा रस्त्यातच मिसळून जातो. दोन वर्षांपूर्वी माझा आरसा उसाच्या शेंड्यांनी मोडला. ट्रॉलीच्या हातभर आणखी जवळ असतो तर आज लिहायला नसतो.

माझ्याच चुलत्यांची ट्रॉली आहे, म्हणून शिव्या देऊन मोकळं होता येत नाही. ते रात्र रात्र कारखान्याच्या रांगेत थंडीत बसतात. मी लाल चमकपट्टीचं एक बंडल आणलं आणि त्यांच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागून पट्ट्या लावल्या. उसात झाकल्या जाऊ नयेत म्हणून अगदी खाली, चासीच्या आडव्या पट्टीवर. आधी पुसून, कोरडं करून लावायच्या, नाहीतर आठवड्यात निघतात. मग शेजारच्यांनी मागितल्या. या हंगामात अकरा ट्रॉल्या झाल्या. कुणाला हव्या असतील तर मी येऊन लावून देतो.

आरएक्स 100, जुळे सोलापूर

माझी गाडी आमच्या आज्जांची. ते गेले तेव्हा मी आठवीत होतो. गाडी सहा वर्षं जिन्याखाली उभी होती, वर गाद्यांचा ढीग. कॉलेजला गेल्यावर पहिल्या पगारी कामाच्या पैशातून कार्ब्युरेटर, क्लच प्लेटा आणि केबली बदलल्या. कागदांचं फार धावपळीचं झालं. पंधरा वर्षं उलटली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि नाव अजून आज्जांचंच होतं. सगळं पूर्ण झालं त्या दिवशी आज्जीला मागं बसवून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत नेलं. ती एका बाजूला पाय सोडून बसते, तशीच बसली. म्हणाली, हाच आवाज आला की मी चहा टाकायचे.

आठ दिवसांपूर्वी होटगी रस्त्यावर खड्ड्यात आदळलो आणि डाव्या बाजूचं साइड पॅनेल कुठंतरी उडालं. आतला रबरी बुश सुकला होता, ते मी आधी बघायला हवं होतं. दोन वेळा चालत जाऊन रस्त्याच्या कडा शोधल्या. बाजारात नवं मिळतं, पण त्याचा लाल वेगळा आहे आणि आज्जांनी आतल्या बाजूला खिळ्यानं गाडी घेतल्याची तारीख कोरली होती. ते कुणाला सापडलं असेल तर कळवा. नाहीतर त्या काळातलं जुनं पॅनेल कुणाकडं असेल तरी चालेल.

गॅरेजवाला, अशोक चौक

जुनं एक माळ्यावर असावं, डावं का उजवं ते बघावं लागेल. रविवारी ये, ऊन तापायच्या आत. येताना त्या तारखेचा कागद घेऊन ये, खिळा माझ्याकडं आहे.