मदत हवी आहे: ३५० इंजिनाला ३५० गिअरबॉक्स का बसत नाही?

मिशिगनचा_बाळू
मंडळी, थोडक्यात लिहितो. इंजिन साखळीला लटकतंय आणि भाड्याचा होइस्ट (इंजिन उचलायची क्रेन) रविवारी संध्याकाळी परत द्यायचाय. इंजिन ३५०, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टर्बो ३५०, दोन्ही जनरल मोटर्सचे. एक-दोन बोल्ट जुळल्यासारखे वाटतात, बाकीचे अजिबात नाहीत. भंगारवाला म्हणाला होता, "जीएमचं आहे, बसणारच." जाणकारांनी लवकर सांगावं.

तेलकट_पाना
गाडी कोणती? साल? इंजिन कशातून काढलंय?

गिरगावकर_काका
अरे बाळू, आमच्या वाडीत एकांकडे इम्पाला होती. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन टाकलं आणि ऑटोमॅटिक काढून साधा चार गिअरचा बॉक्स लावला. पुढे बरीच वर्षं लग्नात नवरदेव मिरवले तिच्यातून. तूही डिझेलच टाक.

मिशिगनचा_बाळू
काका, इथे डिझेल कुठून आणू आता!
गाडी १९७० ची ब्यूक स्कायलार्क. आधीच्या मालकाने इंजिन काढून विकलं होतं, गिअरबॉक्स मूळचा आहे. इंजिन शेव्हीच्या (शेव्रोले) ट्रकमधलं. ३५० म्हणजे ३५०च ना?

तेलकट_पाना
नाही. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर एव्हाना उत्तर मिळालं असतं.
३५० म्हणजे ३५० घन इंच, साधारण ५.७ लिटर. त्या काळी जीएमच्याच शेव्रोले, ब्यूक, ओल्ड्समोबाइल आणि पॉन्टियॅक, चौघांकडे आपापलं वेगळं ३५० होतं. शेव्हीचं १९६७ पासून, बाकी तिघांची १९६८ पासून. शेव्हीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३.४८. ब्यूकचा बोअर ३.८, स्ट्रोक ३.८५. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) बघा, शेव्हीचा मागे, ब्यूकचा पुढे. एकाचा ब्लॉक दुसऱ्याशी जुळत नाही. टर्बो ३५० मधला ३५० हा तर निव्वळ गिअरबॉक्सचा नंबर, इंजिनाच्या मापाशी त्याचा संबंध नाही.
तुमचा गिअरबॉक्स 'बीओपी' बेलहाउसिंगचा (इंजिनाला बोल्टने जोडणारं तोंड), म्हणजे ब्यूक-ओल्ड्स-पॉन्टियॅकवाला. वरच्या कडेला मधोमध व्हीसारखी खाच दिसेल. शेव्हीचा पॅटर्न निराळा. आतली यंत्रणा बहुतांशी तीच, बाहेरची केस वेगळी.

खटपट्या
एवढं पुराण कशाला? जे बोल्ट बसतात ते घट्ट करा, बाकीची भोकं ड्रिलने पाडा. आमच्याकडे सगळे असंच करतात, गाड्या पळतात.

तेलकट_पाना
खटपट्या, कृपा करा. बोल्ट नुसते धरून ठेवतात, केंद्र जुळवतात त्या डॉवेल पिना (ब्लॉकमधल्या नेमक्या जागेच्या खुंट्या). क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) केंद्र आणि गिअरबॉक्सच्या पंपाचं केंद्र एका रेषेत नसेल तर आधी पंपाचं बुश जातं, मग पुढचं सील, मग सगळं तेल रस्त्यावर. शिवाय केस ॲल्युमिनियमची, काठावर भोक पाडलंत की तडा.

खटपट्या
पुस्तकी ज्ञान. मी स्वतः केलंय.

तेलकट_पाना
कुठल्या गाडीवर?

खटपट्या
ट्रॅक्टर होता, पण तत्त्व एकच.

शुद्ध_ब्यूक
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. स्कायलार्कमध्ये शेव्हीचं इंजिन शोभतं का? ब्यूकचं ३५० शोधा. गिअरबॉक्स, फ्लेक्सप्लेट (क्रँकला गिअरबॉक्सशी जोडणारी पातळ चकती), इंजिनाचे माउंट, सगळं जागच्या जागी बसेल. पैसे थोडे जास्त जातील, पण पुढे विकताना गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार नाही.

रुळावरचा_इंजिनिअर
अहो, हे पाप खुद्द जीएमनेच केलंय. १९७७ च्या कितीतरी ओल्ड्समोबाइलमध्ये शेव्हीचं ३५० घालून गाड्या विकल्या. शिकागोतल्या एका गिऱ्हाइकाला ऑइल फिल्टर आणि पंख्याचा पट्टा बसेना, तेव्हा ते बाहेर आलं. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीला भरपाई द्यावी लागली.

शुद्ध_ब्यूक
म्हणजे लोकांना फरक पडत होता. माझंच म्हणणं सिद्ध झालं!

नियमानुसार
गाडी भारतात आणणार असाल तर २०२१ चे व्हिंटेज नोंदणीचे नियम वाचून घ्या. ५० वर्षांहून जुनी गाडी, 'व्हीए' मालिकेचा नंबर, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही.

मिशिगनचा_बाळू
भारतात आणायची कोण म्हणालं? मला रविवारपर्यंत होइस्ट परत करायचाय हो.
ब्यूकचं इंजिन आसपास कुठेच मिळत नाही. अडॅप्टर प्लेट (दोन वेगळे पॅटर्न जोडणारी) लावली तर?

तेलकट_पाना
मिळते, चालते. पण प्लेटच्या जाडीने गिअरबॉक्स मागे सरकतो आणि टॉर्क कन्व्हर्टरचं (तेलाच्या जोरावर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) अंतर बिघडू शकतं. कन्व्हर्टर पूर्ण आत ढकलल्यावर फ्लेक्सप्लेटपर्यंत साधारण १/८ ते ३/१६ इंच फट राहायला हवी. बसवताना कन्व्हर्टर गोल फिरवत आत ढकला, एकेक टप्पा 'टक्' करून बसतो. अर्धवट बसलेल्या कन्व्हर्टरवर बोल्ट आवळले तर पंप तिथेच फुटतो.
माझं मत, शेव्ही केसचा टर्बो ३५० घ्या, ढिगाने पडलेत. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) हवा असेल तर २००-४आर गिअरबॉक्स, त्याच्या केसला दोन्ही पॅटर्नची भोकं असतात. मात्र त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट लावली नाही तर क्लच जळतात.
ब्लॉकच्या मागच्या काठावर, ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर असेल. तो सांगा.

मिशिगनचा_बाळू
१४०९३६३८.

तेलकट_पाना
मग हे वन-पीस रिअर सीलचं (क्रँकच्या मागचं तेल अडवणारं सील एकसंध), ८६ नंतरच्या पद्धतीचं. फ्लेक्सप्लेट कुठली लावलीय?

मिशिगनचा_बाळू
इंजिनाबरोबर आली तीच.

तेलकट_पाना
बरं झालं. तीच ठेवा. ह्या क्रँकचं बोल्ट सर्कल (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ३ इंच, जुन्याचं ३.५८. शिवाय तिच्यावर बॅलन्सचं वजन असतं, जुनी साधी प्लेट लावली तर इंजिन थरथरेल. कन्व्हर्टरची भोकं तिच्याशी जुळतात का तेवढं मोजून घ्या.

गिरगावकर_काका
डिझेलला ही कटकटच नाही.

मिशिगनचा_बाळू
टोलेडोला एकाकडे शेव्ही केसचा टर्बो ३५० आहे, आत्ताच फोन झाला. टेलशाफ्ट (गिअरबॉक्सची मागची नळी) 'छोटा' आहे म्हणतो. निघू का?

तेलकट_पाना
छोटा म्हणजे किती? ह्यात ६, ९ आणि १२ इंची येतात. तुमचा मूळचा किती आहे?