मदत हवी आहे: खरा मेसेज, खोटा मेसेज नववीच्या वर्गाला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत नववीला शिकवते. पावसाळा लागला की कृष्णेच्या आधी व्हॉट्सॲपलाच पूर येतो. २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरतात, आणि 'उद्या शाळांना सुट्टी' हे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र तर ठरलेलंच. परवाच्या पत्रात तारीख आणि वार जुळत नव्हते, शिक्का मात्र झकास. पोरं म्हणतात, "मॅडम, शिक्का हाय की!"

कृष्णेवरच्या आमच्या आयर्विन पुलाचं उदाहरण चांगलं चालतं. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. 'पाणी ५० फुटांवर' असा मेसेज आला तर कुणी मोजलं, किती वाजता, हे विचारायचं. इथवर जमतं. पण "माझ्या काकांनी पाठवलंय" म्हटलं की माझं गाडं अडतं. काकांना खोटं कसं ठरवणार? उलट काहीजण आता पाठ्यपुस्तकालाही "फेक असंल" म्हणायला लागलेत. (हुशार आहेत, पण हे नको.)

शाळेत नेट असून नसल्यासारखं. गुगल लेन्सने फोटो कसा शोधायचा ते माझ्या मोबाइलवर दाखवते, पण मागच्या बाकांना काय दिसणार? एका तासात, नुसत्या कागदावर होईल असा उपक्रम कुणी घेतलाय का? जुन्या पेपरांची रद्दी भरपूर आहे. एकाच बातमीची दोन-तीन कात्रणं देऊन गटात नेमके काय प्रश्न विचारता? आणि काकांच्या प्रश्नाला तुमच्याकडे काय उत्तर आहे, तेही सांगा.