घरातले फोटो : छापले का, लावले का, मागे नावं लिहिली का? अनुभव सांगा

लातूरहून

मागच्या महालक्ष्म्यांना माहेरी गेले होते. आईनं विचारलं, "गेल्या वर्षी धाकटीला कोणती साडी नेसवली होती गं? दाखव बरं फोटो." मी फोन काढला. आत एकोणीस हजार फोटो. बोटानं सरकवत बसले : सुप्रभात, शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ, लाईट बिल, कुणाच्या तरी बारशाचे एकसारखे चौदा. तोवर आई उठली, कपाटातून अल्बम काढला आणि १९९१ च्या महालक्ष्म्या माझ्यापुढं ठेवल्या. फोटोच्या मागं अण्णांच्या अक्षरात लिहिलेलं : 'महालक्ष्म्या १९९१. साड्या सोलापूरच्या. डावीकडून अक्का, माई, कडेवर चिमी.'

चिमी म्हणजे मी. अण्णांनी ते लिहिलं नसतं तर अक्काच्या कडेवरचं लेकरू कोण, हे आज सांगणारं आईशिवाय कुणी उरलं नाही.

त्या दिवसापासून सहा रविवार घरच्या फोटोंना दिले. आधी नको ते काढलं, स्क्रीनशॉट आणि शुभेच्छाच पाच हजारांवर निघाल्या. मग वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं. पण आमच्या घरात तारखा कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण) राहते. "हे कधीचं?" विचारलं की उत्तर येतं, "ती बघ, जावयाची पहिली येळवस होती तवाचं." म्हणून ठरवलं, दर येळवशीचा एक फोटो काढून ओळीनं लावायचा. तीच कडब्याची कोप, तोच आंबा, तीच भज्जीची (मिसळीच्या भाजीची) परात.

इथं एक घोळ झाला. २०१५ च्या फोल्डरमध्ये येळवस सापडेना. दोन दिवस जुनी मेमरी कार्डं धुंडाळली, भावाशी वाद घातला. शेवटी आईनं पंचांग काढायला लावलं. २०१४ मध्ये येळवस दोनदा आली होती, एक १ जानेवारीला आणि दुसरी डिसेंबरात. पुढची थेट जानेवारी २०१६ ला. मार्गशीर्ष अमावस्या इंग्रजी वर्षात कधी दोनदा बसते, कधी बसतच नाही. फोटो हरवले नव्हते, फोल्डर चुकीचं होतं. आता मी सणांचे फोल्डर दिवाळी ते दिवाळी असे लावते.

सगळे ओळीत लावल्यावर माणसांच्या आधी मागची ज्वारी दिसली. बहुतेक वर्षी ती डोक्याएवढी आहे. जानेवारी २०१६ च्या फोटोत ती अण्णांच्या गुडघ्याला आहे, आणि तीही विरळ. त्याच एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा हा फोटो काढताना कुणी ज्वारीकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

आता छापायचे आहेत आणि इथं माझं घोडं अडलंय. लॅबमधून आलेल्या पहिल्या पंचवीस कॉप्यांत तिघांची डोकी कापली गेली. तुम्ही कसं केलं? छापलेलं, लावलेलं, हरवलेलं, सापडलेलं, सगळं सांगा.

नांदेडहून

ताई, माझी बावीस वर्षं फोटो लॅबमध्ये गेली. रोल धुवायच्या काळापासून काउंटरवर उभा आहे. डोकी कापली जाणं ही रोजची तक्रार आहे, आणि त्याचं कारण साधं आहे.

फोनचा फोटो चारास तीन या मापाचा असतो. चार बाय सहा इंचाची कॉपी तीनास दोन मापाची. फोटो कागदभर बसवायचा म्हटलं की लांब बाजूंच्या कडेनं मिळून नवव्या हिश्शाएवढा भाग जातो. आडव्या ग्रुप फोटोत तो वरून नि खालून जातो, म्हणजे मागच्या रांगेची डोकी आणि पुढं बसलेल्यांचे पाय. यावर उपाय दोन. एक, लॅबवाल्याला 'पूर्ण फोटो, पांढरी बॉर्डर ठेवून' असं सांगायचं. दोन, घरीच तीनास दोनमध्ये क्रॉप करून आणायचा, म्हणजे काय कापायचं ते तुम्ही ठरवता. फोन उभा धरून पूर्ण स्क्रीनभर काढलेला लांबुळका फोटो असेल तर त्यातलं आणखी जातं.

दुसरी गोष्ट, फोटो फुटणं. चार बाय सहाला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकसतो, तरी चार बाय सहाला बऱ्याचदा चालून जातो. आठ बाय बाराला चालत नाही, तिथं २४०० बाय ३६०० लागतात. भिंतीवर लावायचा असेल तर ज्यानं काढला त्याच्याकडून 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, तसा पाठवला की मूळ फाईल जशीच्या तशी येते. लोक फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन येतात, त्याच्याइतकं वाईट काही नाही.

तिसरी गोष्ट, कॉपी काळी येणं. फोनचा पडदा आतून उजळतो, कागद उजळत नाही. दोनशे कॉप्या टाकायच्या आधी पाच टाकून बघा. सावळ्या रंगाची माणसं असतील तर 'ऑटो करेक्शन नको' असं आवर्जून सांगा. मशीन ओढून ताणून गोरं करतं आणि माणूस ओळखू येत नाही. मला स्वतःला ते सहन होत नाही. आजीचा रंग आजीचाच यायला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरहून

आमच्याकडे लग्नाचे सगळे फोटो दोन डीव्हीडीत होते. २००८ चं लग्न. २०२१ ला लावून बघितल्या तर एक उघडलीच नाही, दुसरी अर्ध्यात अडकली. करिझ्मा (पुस्तकासारखा छापलेला) अल्बम होता म्हणून बरं, पण त्यात आम्ही दोघंच जास्त. पंगत, वरात, मांडवातली म्हातारी माणसं सगळी त्या न उघडणाऱ्या डीव्हीडीत.

तेव्हापासून तीन ठिकाणी ठेवतो : लॅपटॉपमध्ये, हार्डडिस्कवर, आणि दुसरी हार्डडिस्क बहिणीकडे जालन्याला. तिची आमच्याकडे असते. दिवाळीला भाऊबीजेच्या ताटासोबत हार्डडिस्क बदलतात. ऑनलाईनही ठेवतो, पण गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला थांबली, आता १५ जीबीत मेलही येतो नि फोटोही येतात. त्यावर एकट्यावर भिस्त नको.

एक छोटी गोष्ट. जुन्या फोल्डरांवर मी 'औरंगाबाद' लिहिलेलं, नव्यांवर 'संभाजीनगर'. शोधताना अर्धे सापडायचे नाहीत. आता गल्लीचं नाव लिहितो.

बीड जिल्ह्यातून

मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापासोबत फडावर जातात.

या घरांत फोटो असतात, पण ते एकाच फोनमध्ये. फोन उसाच्या फडात पडतो, पाण्यात जातो, विकला जातो. तिसरीतल्या एका मुलीच्या बापानं फोन बदलला आणि तिच्या धाकट्या भावाचा एकही फोटो राहिला नाही. तो भाऊ दीड वर्षाचा होऊन वारला होता. आई माझ्याकडे आली, म्हणाली, "बाई, तुमच्याकडं शाळेत काढलेला असंल का एखादा? मी त्याला कडेवर घेऊन आले व्हते पोषण आहाराला." मी घरी जाऊन तीन वर्षांचे शाळेचे फोटो चाळले. स्वातंत्र्यदिनाच्या फोटोत कडेला ती उभी होती, पदराआड लेकरू. चेहरा पाऊणच दिसत होता. तेवढाच कापून मोठा करून आणला.

तेव्हापासून दरवर्षी टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक घराचा एक फोटो काढते. दोन कॉप्या. एक वसतिगृहातल्या लेकराच्या पेटीत, एक आईच्या पिशवीत. प्लास्टिकची पिशवी लावून देते, कारण फडावरच्या कोपीत (झोपडीत) धूर नि दव दोन्ही असतं. मागं गाव, वर्ष आणि सगळ्यांची नावं लेकरांकडूनच लिहून घेते. लेकरं सगळ्यांत आधी शेळीचं नाव लिहितात. मी ते खोडत नाही.

परभणीहून

फोनमधली चेहरा ओळखायची सोय फार कामाची आहे, पण माझी आई आणि मावशी तिला एकच वाटतात. दोघींच्या साडेतीनशे फोटोंची सरमिसळ झाली होती. आईला घेऊन बसले. तिनं कुंकवाच्या आकारावरून वेगळे केले. एक तास लागला, आणि त्या तासात आजोळच्या ज्या गोष्टी कळल्या त्या चाळीस वर्षांत कळल्या नव्हत्या. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं, तेवढं शहाणपण सुचलं.

परंडा तालुक्यातून

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. अल्बम खालच्या फळीवर होते. पाणी उतरल्यावर आम्ही ते उन्हात तसेच बंद ठेवले, वाटलं वाळतील. वाळले, पण पानं एकमेकांना चिकटून एकच ठोकळा झाला. सोडवताना दोन्हीकडचे चेहरे सोलून निघाले.

दुसरा अल्बम पुण्याच्या भाचीनं वाचवला. ती फोनवर म्हणाली, मामा, वाळू देऊच नका. ओला आहे तोवर बादलीत स्वच्छ थंड पाण्यात टाका, एकेक फोटो हलक्या हातानं सुटा करा, वरच्या बाजूला बोट लावू नका, चेहरा वर करून सावलीत पसरा. तसं केलं. साठ-सत्तर फोटो निघाले, कडा वाकड्या आहेत, पण माणसं आहेत. एका दिवसात होणार नसेल तर ओलेच फोटो पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतात, असंही ती म्हणाली होती, पण आमच्याकडे लाईटच नव्हती.

अल्बम वरच्या फळीवर ठेवा. आम्ही भांडी वर ठेवली होती.

औसा तालुक्यातून

वरचं वाचलं म्हणून लिहितो. मी किल्लारीजवळच्या गावचा. १९९३ चं वर्ष. अनंत चतुर्दशीला गणपती शिरवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मी नऊ वर्षांचा होतो. आमचं घर दगडमातीचं, वर जाड माळवद. आई त्यात गेली. कपाट, पेटी, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं त्याच ढिगात. मला आईचा चेहरा आठवायचा, मग हळूहळू आठवेनासा झाला. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

माझी मुलगी नववीत असताना तिला शाळेत वंशावळ करायला सांगितली. तिनं विचारलं, आज्जीचा फोटो कुठाय. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, आपल्या घरात नाही, पण पाहुण्यांच्या घरात असेल ना.

ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आपले फोटो आपल्या घरात जेवढे असतात, त्याहून जास्त दुसऱ्यांच्या लग्नांत असतात. आम्ही दोघं दिवाळीच्या सुट्टीत निघालो. सोलापूर, उमरगा, गुलबर्ग्याला आत्या. प्रत्येक घरी १९९३ च्या आधीचे अल्बम मागितले. मुलगी खिडकीजवळ उजेडात पान धरायची, फ्लॅश बंद, प्लास्टिकचा कागद वर उचलून, कारण त्याची चमक मधे येते. पान सपाट, फोन बरोबर वरून, हाताची सावली पडू न देता. जे मालक देऊ म्हणाले ते फोटो घेऊन लातूरला ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले आणि दोन दिवसांत परत पोचवले. परत पोचवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर पुढच्या घरी कुणी अल्बम काढत नाही.

पाचव्या घरी, चुलत मामाच्या लग्नाच्या अल्बममध्ये पंगतीचा फोटो होता. फोटो जेवणाऱ्यांचा आहे. मागं एक बाई वाकून वरण वाढतेय. हातात वाटीचा पळा, पदर खोचलेला, मान वळवून कुणाशी तरी बोलतेय. मी काही बोलायच्या आधी म्हातारी मामी म्हणाली, "ही तुझी माय न्हवं का रं."

फोटोत ती नखाएवढी होती. स्कॅन करून मोठी केली तर दाणे दिसतात, चेहरा धूसर आहे. लॅबवाले म्हणाले, काॅम्प्युटरवर चेहरा साफ करून देऊ, डोळे नवे बसवू. मी नको म्हणालो. ते डोळे तिचे नसते. आहे तसा पाच बाय सातमध्ये केला. शेजारी पंगत पूर्ण दिसेल असा मूळ फोटोही लावला आहे, कारण ती कुठं उभी होती तेही मला पाहिजे.

एक मागणं आहे. घरातले जुने फोटो टाकून देताना 'यातलं आपलं कुणी नाही' म्हणून टाकू नका.

हिंगोलीहून

मी दर महिन्याला दहाच कॉप्या काढतो. जास्त नाही. सासूबाईंना फोन दिसत नाही, त्या पाकीट उशाशी ठेवतात. वर्षाचे एकशेवीस होतात, निवडणं आपोआप होतं.

लातूरहून, पुन्हा

औशाच्या दादा, तुमचं वाचून काल सगळे अल्बम परत काढले. आमच्या अक्काच्या लग्नात पंगतीचे अकरा फोटो आहेत. वाढणाऱ्या बायांत चार जणींची नावं आईला सांगता आली, तिघींची नाही. आता त्या तिघींचे फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकले आहेत. एकीचं नाव सकाळी निलंग्याहून आलं.

परंड्याच्या दादा, अल्बम वर गेले.

नांदेडच्या दादा, बॉर्डर ठेवून कॉप्या आल्या, सगळ्यांची डोकी शाबूत आहेत. आता मागं लिहायचंय. अण्णा शिसपेन्सिलनं लिहायचे, पण या नव्या कागदावर पेन्सिल उमटतच नाही. बॉलपेन चालेल का?

नांदेडहून

बॉलपेन नको ताई. दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उठतं, नेमकं तोंडावर. आताच्या कागदाला मागून प्लास्टिकचा थर असतो म्हणून पेन्सिल घसरते. स्टेशनरीत बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर मिळतो, तो घ्या, आणि मधे न लिहिता कडेला लिहा. लिहून झाल्यावर कॉप्या लगेच एकावर एक ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं सुट्या पसरून ठेवा, नाहीतर एकीचं नाव दुसरीच्या चेहऱ्यावर उमटतं.