ग्रीनलंडची ‘स्वायत्तता’ दोनदा कशी मिळेल?

प्रश्न : ग्रीनलंड-डेन्मार्क ताणाताणीवरचा एक लेख मराठीत आणतोय. ग्रीनलंडला १९७९मध्ये मिळालं त्याला डॅनिशमध्ये ‘येमेस्ट्यूर’ म्हणतात, म्हणजे घरचा कारभार. २००९मध्ये मिळालं ते ‘सेल्स्ट्यूर’, स्वतःचा कारभार. माझ्या मसुद्यात दोन्हीकडे ‘स्वायत्तता’च पडलंय. वाचणारा विचारेल, मधल्या काळात काढून घेतली होती की काय?

प्रतिसाद : पहिल्याला सरळ ‘होमरूल’ म्हणा. टिळकांनी १९१६मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हापासून हा शब्द मराठीच आहे, आणि डॅनिश शब्दाचा अर्थही तोच. दुसऱ्याला ‘स्वशासन’.

प्रतिसाद : ग्रीनलंडच्या भाषेतली नावं बघा, मजा आहे. १९७९चं ‘नम्मिनेरसोर्नेरुल्लुटिक ओकार्टुस्सात’, २००९चं ‘नम्मिनेरसोर्लुटिक ओकार्टुस्सात’. मधला ‘नेरु’ गळला. तो तुलनेचा प्रत्यय, ‘अधिक’ या अर्थाचा. म्हणजे आधी ‘अधिक’ स्वतंत्र होते, नंतर नुसतेच स्वतंत्र, आणि हे नुसतं त्या अधिकाहून मोठं! ‘आता जरा अधिक बरं वाटतंय’ असं आजारी माणूसच म्हणतो ना, तसं.

फरक नुसता नावात नाही. २००९च्या कायद्याने ग्रीनलंडवासीयांना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने वेगळं ‘जन’ मानलं, त्यांची भाषा अधिकृत झाली, खनिजांचा कारभार हाती घ्यायची वाट मोकळी झाली. स्वातंत्र्याचा निर्णय तिथल्या जनतेचा, हेही त्यात आहे. पण डॅनिश संसदेची संमती लागतेच. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि चलन अजून कोपनहेगनकडे.

प्रश्नकर्ता : मग ‘वसाहतीचं स्वराज्य’ कसं वाटतं? भारदस्त आहे.

प्रतिसाद : अजिबात नको. तो ब्रिटिश साम्राज्यातल्या कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या दर्जासाठीचा शब्द. १९२९मध्ये लाहोरला काँग्रेसने तो मागे टाकून ‘पूर्ण स्वराज्य’ मागितलं. शिवाय १९५३च्या डॅनिश राज्यघटनेपासून ग्रीनलंड कागदोपत्री वसाहत नाही, डेन्मार्कचाच भाग आहे. लोकांचा राग नेमका त्या कागदावर आहे. १९६०-७०च्या दशकांत इनुइट, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, बायका-मुलींना संमतीशिवाय गर्भनिरोधक साधनं बसवली गेली, ती ‘वसाहत संपल्यावर’. डॅनिश पंतप्रधानांनी माफी मागितली २०२५मध्ये.

तसाही ‘वसाहत’ फार गरीब शब्द. मला आधी औद्योगिक वसाहतच आठवते, पत्र्याच्या शेड आणि पाण्याचा टँकर. मुळात ‘वसणे’, त्यात कुणी कुणाच्या डोक्यावर बसल्याचं कुठे येतं?

प्रश्नकर्ता : बरं, ‘होमरूल’ आणि ‘स्वशासन’ ठरलं. आता डेन्मार्क, फॅरो बेटं आणि ग्रीनलंड मिळून जे ‘रीग्सफेलेसस्केब’ होतं, शब्दशः राज्याचा समुदाय, त्याचं काय? ‘राष्ट्रकुल’ तर ब्रिटिशांनी अडवलंय.

प्रतिसाद : ‘राज्यसंघ’?

प्रतिसाद : संघ म्हटलं की सगळे घटक बरोबरीचे वाटतात. भांडण त्यावरूनच चाललंय.

प्रश्नकर्ता : मग मूळ शब्दच ठेवतो, शेजारी एक ओळ खुलासा.