जत्रेतल्यासारखे मालवणी खाजे घरी केल्यावर चिकट का होते?

प्रश्न
आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वराच्या जत्रेत मिळते तसे खाजे मला घरी करायचे आहे. बेसनाची जाड शेव तळून तिला आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायचे, एवढी कृती ठाऊक आहे आणि ताजे असताना ते चवीला चांगलेही लागते. परंतु दुसऱ्या दिवशी गुळाला पाणी सुटते, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि आतली शेव मऊ पडते. सध्या मी चिक्कीचा गूळ वापरते. दोष पाकात आहे की तळणीत, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १
आधी तळणी तपासावी. 2 वाट्या बेसनाला 2 मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन, मीठ आणि किंचित हळद पुरते. सोडा घालू नये, कारण त्याने शेव तेल पिते. पीठ घट्ट भिजवून सोऱ्याच्या जाड चकतीतून शेव पाडावी आणि मध्यम आचेवर, तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळावी. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो, पण जाड शेवेच्या पोटात ओल राहते आणि तीच पुढे बाहेर येते. एक काडी मधोमध मोडून पाहा, आतला भाग बाहेरच्याइतकाच कोरडा दिसला पाहिजे. शेव पूर्ण निवल्याशिवाय पाकात घालू नये.

प्रतिसाद २
तळणीबद्दल वर लिहिलेले योग्यच आहे, तरीही माझ्या मते मुख्य दोष गुळाचा आहे. चिक्कीच्या गुळाचा पाक चकचकीत आणि काचेसारखा होतो; खाज्याला मात्र पाकाची बारीक साखर धरून कोरडे, निस्तेज आवरण यावे लागते, म्हणून साधा पिवळा गूळ घ्यावा. वरील प्रमाणाला 1 वाटी चिरलेला गूळ आणि पाव वाटी पाणी घेऊन पाक गोळीबंद करावा, म्हणजे पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांनी घट्ट गोळी वळली पाहिजे. मग शेव आणि तीळ घालून कढई लगेच उतरवावी आणि न थांबता परतत राहावे. सुरुवातीला सगळा गोळा एकत्र फिरतो आणि आता हे बिघडले असे वाटू लागते, पण हात थांबवू नये. थोड्याच वेळात गुळाची चमक जाते, तुकडे सुटे होतात आणि कढईत खडखड वाजू लागतात. तो आवाज येण्याआधी परतणे सोडले, तर कितीही चांगली शेव चिकटणारच.

प्रश्नकर्ती
सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. मी आल्याचा रस अगदी शेवटी घालते, तेही कारण असू शकेल का?

प्रतिसाद ३
नक्कीच. तयार पाकात रस घातला की पाक पुन्हा सैल होतो. आले किसून गुळाबरोबर सुरुवातीलाच घालावे, म्हणजे त्यातले पाणी उकळून जाते. स्वाद कमी वाटल्यास उतरवताना चिमूटभर सुंठ घालावी. आमच्याकडे गोव्यातही खाजे आले, तीळ आणि गूळ घालूनच करतात आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हवामानाचा विचारही करावा. कोकणातल्या जत्रांचा हंगाम कार्तिकानंतर, कोरड्या दिवसांत येतो, तर पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढून घेतो. त्या दिवसांत करायचेच असेल, तर खाजे पूर्ण गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.